सौरभचा ‘सौ’ गेला, सौ. सुनीतांचा राहिला

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मागाहून गफलत नको. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात तू हिशेबाचं सॉफ्टवेअर सांभाळतोस. जुन्या सिस्टिममधून ग्राहकांची यादी सीएसव्हीमध्ये निघाली, चारेक हजार ओळी. नावांत आणि पत्त्यांत नको तिथे टिंबं, कंस, दुहेरी स्पेस, मधेच रिकामे चौकोन. ‘अक्षरं आणि स्पेस सोडून सगळं काढा’ अशी नेटवरची पायथनची एक ओळ चालवलीस, तर सोलापूरचं ‘सलपर’ झालं. दुसरी ओळ शोधलीस, तर माढा-मोहोळ शाबूत राहिले आणि बार्शीचं ‘बारशी’ झालं. मग नावांपुढचे श्री आणि सौ. काढायला गेलास. सौ. सुनीता जशाच्या तशा राहिल्या, सौरभचा मात्र ‘रभ’ झाला. शेवटी वैतागून विचारलंस, “सर, पायथनला मराठी येत नाही का?”

येतं. पण तू ज्या ओळी उचलल्यास त्या लिहिणाऱ्यांसमोर मराठी नव्हती. मी सतरा-अठरा वर्षं सोलापुरात हेच करतो: पतसंस्थांच्या सभासद याद्या, यंत्रमागवाल्यांची उधारीची खाती, आडत्यांच्या पट्ट्या. तुझ्यासारखं मीही सगळं एकदा बिघडवून बसलोय. म्हणून नुसती चालणारी ओळ न देता, काय कुठे बिघडतं ते दाखवतो. एक सूचना: फंक्शनची नावं मी इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना ती इंग्रजीतच कर.

पहिली ओळ घेऊ. तिच्यात चौकोनी कंसात टोपी (^), मग बॅकस्लॅश डब्ल्यू आणि बॅकस्लॅश एस आहे. वाचायला सरळ: शब्दातली अक्षरं आणि मोकळी जागा सोडून बाकी सगळं उडव. घोळ ‘अक्षर’ या शब्दात आहे. आपण ‘पू’ला एक अक्षर म्हणतो. युनिकोडमध्ये ते दोन कॅरेक्टर असतात, प आणि दीर्घ उकाराची मात्रा. ‘सोलापूर’ची लांबी लेनला विचारलीस तर ७ येईल: स, ओकार, ल, काना, प, ऊकार, र. यातल्या स, ल, प, र यांना युनिकोडने अक्षरांच्या वर्गात बसवलंय आणि मात्रांना चिन्हांच्या. मजकुरात नमुने शोधणाऱ्या पायथनच्या आरई मॉड्यूलचा बॅकस्लॅश डब्ल्यू फक्त अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर ओळखतो. मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे त्याच्या लेखी कचरा. झाडू फिरला की उरतं ते ‘सलपर’.

गंमत म्हणजे त्याच पायथन ३ मध्ये ‘सोलापूर’ हे व्हेरिएबलचं नाव म्हणून बिनतक्रार चालतं. इझआयडेंटिफायर विचारलंस तर ट्रू, इझअल्फा विचारलंस तर फॉल्स. म्हणजे एकाच घरात एक भाऊ मात्रेला ओळखतो, दुसरा ओळखत नाही. म्हणूनच मराठी नाव ‘फक्त अक्षरांचं आहे का’ हे तपासायला इझअल्फा कधीच वापरू नकोस. मात्रा असलेलं प्रत्येक नाव नापास होईल आणि ‘कमल’ तेवढी पास होईल.

दुसरी ओळ जास्त धोकादायक, कारण ती अर्धवट बरोबर चालते. ती मुळात फ्रेंच-स्पॅनिशसारख्या भाषांसाठी आहे. तिथे ई वर तिरपी रेघ असते, ती काढून साधा ई हवा असतो. म्हणून आधी एनएफकेडी नॉर्मलायझेशन करून अक्षर आणि रेघ सुटी करायची, मग ‘एमएन’ वर्गातली चिन्हं फेकायची. त्यांच्यासाठी रास्त. आपल्याकडे मात्र मात्रांची दोन वर्गांत वाटणी झालीय. काना, पहिली-दुसरी वेलांटी, ओकार, औकार यांना जागा घेणारी चिन्हं मानलंय, ती ‘एमसी’. उकार, एक मात्रा, दोन मात्रा, अनुस्वार, चंद्र आणि हलन्त अक्षराच्या वर-खाली बसतात, ती ‘एमएन’. झाडू फक्त दुसऱ्या गटावर फिरतो.

आपल्या जिल्ह्याचे ११ तालुके या चाळणीतून काढून बघ. करमाळा, माढा, मोहोळ, माळशिरस यांना ओरखडाही येत नाही, कारण त्यांच्यात काना, वेलांटी आणि ओकारच आहेत. पंढरपूरचं ‘पढरपर’ होतं, सांगोल्याचं ‘सागोला’, मंगळवेढ्याचं ‘मगळवढा’, अक्कलकोटचं ‘अककलकोट’. उत्तर आणि दक्षिण सोलापूर ‘उततर सोलापर’ आणि ‘दकषिण सोलापर’ होतात. बार्शीचं होतं ‘बारशी’, आणि ते सगळ्यात वाईट, कारण वाचताना खटकत नाही. टेस्टिंगला म्हणून तू माढ्याचे दहा पत्ते घेतलेस तर प्रोग्राम शंभर टक्के पास.

माझं नेमकं हेच झालं होतं. गड्ड्याच्या यात्रेच्या आधी एका संस्थेला निमंत्रणपत्रिकांची पत्ता-लेबलं छापून द्यायची होती. मी वर-वर दोन पानं चाळली, ठीक वाटली, छापून टाकली. बार्शी तालुक्यातल्या झाडून सगळ्या पाकिटांवर ‘बारशी’. पाकिटं पोचली, कारण पिनकोड बरोबर होते. पण तिथल्या एका सभासदाचा फोन आला, “बारसं कुणाचं आहे?” त्या दिवसापासून माझ्या टेस्टच्या यादीत बार्शी कायम आहे.

याच जातीची तिसरी ओळ भेटेल, तिच्यात युनिकोडडेटा मॉड्यूलचं कंबाइनिंग नावाचं फंक्शन असतं. ती फक्त हलन्त आणि नुक्ता (अक्षराखालचं टिंब) काढते, मात्रा राहू देते. ‘सिद्धेश्वर’ दिलंस तर ‘सिदधेशवर’ मिळतं. ग्रामदैवताची ही गत, तर बाकीच्यांचं काय. चौथी ओळ म्हणजे एन्कोडला आस्की आणि इग्नोर देणारी. ती सांगायला सोपी: मराठी नाव दिलं की रिकामी स्ट्रिंग परत येते.

आता सौरभ. हा घोटाळा मला स्वतःला समजायला एक अख्खी संध्याकाळ लागली होती, त्यामुळे जरा थांबून बघू. तू लिहिलंस: सुरुवातीला ‘सौ’, त्याच्यापुढे बॅकस्लॅश बी, म्हणजे शब्दाची हद्द. विचार बरोबर होता की ‘सौ’ हा स्वतंत्र शब्द असेल तरच काढायचा. पण शब्दाची हद्द म्हणजे काय? एका बाजूला बॅकस्लॅश डब्ल्यूचं कॅरेक्टर आणि दुसऱ्या बाजूला त्यातलं नसलेलं. ‘सौ’ संपतो औकारावर, आणि औकार त्या यादीत नाही. ‘सौ. सुनीता’मध्ये औकारानंतर टिंब येतं, तेही यादीत नाही. दोन्ही बाजू सारख्या, म्हणून हद्द नाही, म्हणून सौ. राहिली. ‘सौरभ’मध्ये औकारानंतर र येतो, तो यादीत आहे. झाली हद्द, गेला ‘सौ’, राहिला ‘रभ’. जिथे काढायचं तिथे काढत नाही आणि जिथे काढायचं नाही तिथे हटकून काढतो! मात्रेवर संपणाऱ्या मराठी शब्दाला आरईचा बॅकस्लॅश बी बरोबर उलटा चालतो, एवढं लक्षात ठेव.

हे टाळायला लोक एल-स्ट्रिपकडे वळतात आणि आगीतून फुफाट्यात पडतात. एल-स्ट्रिपला ‘श्री ’ दिलं की तो ‘श्री’ हा शब्द काढतो असं वाटतं. तो शब्द बघतच नाही. दिलेल्या स्ट्रिंगमधली सुटी कॅरेक्टर घेतो (श, हलन्त, र, ईकार, स्पेस) आणि डावीकडून यातलं काहीही दिसेल तोवर कुरतडत जातो. ‘श्री रमेश’चं राहतं ‘मेश’. ‘श्री शरद’चं राहतं नुसतं ‘द’. ‘श्री शिरीष’मध्ये श जातो आणि त्याची पहिली वेलांटी यादीत नसल्याने मागे उरते. मग नाव वेलांटीने सुरू होतं आणि स्क्रीनवर ठिपक्यांचा गोल दिसतो. ‘श्री महादेव’ मात्र झकास ‘महादेव’. म्हणजे पुन्हा तेच, काही नावं बरोबर, काही चूक, आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

रिप्लेसने ‘श्री’च्या जागी रिकामी स्ट्रिंग टाकलीस तर तो स्ट्रिंगमध्ये कुठेही असलेला श्री काढतो. जयश्रीची ‘जय’ होते, श्रीकांतचा ‘कांत’, श्रीनिवासचा ‘निवास’. आपल्या पूर्व भागात श्रीनिवास किती आहेत हे तुला सांगायला नको. शिवाय नवशिक्यांचा हमखास घोळ: रिप्लेस, स्ट्रिप, ट्रान्सलेट यातलं कुणीही मूळ स्ट्रिंग बदलत नाही, कारण पायथनची स्ट्रिंग बदलताच येत नाही. नवी स्ट्रिंग परत मिळते, ती धरून ठेवावी लागते. ‘नाव.रिप्लेस’ एवढंच लिहून पुढे गेलास तर काहीच झालेलं नसतं आणि एररही येत नाही.

पायथन ३.९ पासून रिमूव्हप्रीफिक्स आहे. तो अख्खा शब्द बघतो आणि फक्त सुरुवातीला. ‘श्री ’ असं स्पेससकट दिलंस तर श्रीकांत वाचतो. पण तुझ्या यादीत ‘श्री रमेश’, ‘श्री. रमेश’, ‘श्री.रमेश’ असे सगळे प्रकार असणार, त्यामुळे इथे आरईचा नमुनाच बरा. नमुना असा ठेव: सुरुवातीची टोपी, मग पर्याय (श्रीमती, श्री, सौ, कु, कै), आणि त्यानंतर टिंब किंवा स्पेस किमान एकदा आलंच पाहिजे. शब्दाची हद्द बॅकस्लॅश बीला विचारायचीच नाही, आपण स्वतः सांगायची: टिंब किंवा मोकळी जागा. सौरभ वाचला, कुमार वाचला, कैलास वाचला. ‘कै.’ काढण्याआधी मात्र मालकांना विचार. वसुलीच्या यादीतून ‘कै.’ पुसलास तर कारखान्याचा माणूस गेलेल्या माणसाच्या दारात उधारी मागायला उभा राहील.

हे काही चालवण्याआधी एक काम करायचं असतं, आणि ते कुणीच करत नाही. मी त्याला अक्षरांची हजेरी म्हणतो. कलेक्शन्स मॉड्यूलमधला काउंटर घे, त्याला अख्ख्या फाइलचा मजकूर दे. फाइलमध्ये कोणतं कॅरेक्टर किती वेळा आलंय याची यादी मिळते. प्रत्येकापुढे त्याचा कोड आणि युनिकोडडेटाचं नेम फंक्शन देतं ते नाव छाप. फाइल कितीही मोठी असली तरी वेगळी कॅरेक्टर फार नसतात. चहा संपेपर्यंत वाचून होतात. जे हजारदा आलंय ते कामाचं, जे तीनदाच आलंय तिथे जाऊन बघायचं. नको असलेलं काय आहे हे माहीत नसताना काढायला सुरुवात करणं म्हणजे अंधारात झाडू मारणं.

हजेरीत तुला न दिसणारी मंडळी सापडतील. त्यातली काही निरुपद्रवी, काही छळवादी. वेबपेजवरून कॉपी झालेली न तुटणारी स्पेस, म्हणजे यू+००ए०, दिसायला साधी स्पेस पण तुलनेत वेगळी. तिचं औषध सोपं:

नाव = ' '.जॉइन(नाव.स्प्लिट())

स्प्लिटला काही न देता बोलावलं की तो सगळ्या प्रकारच्या मोकळ्या जागांवर तोडतो, यू+००ए० वरही. दुहेरी स्पेस, टॅब, शेवटची नवी ओळ, सगळं एका फटक्यात. पण शून्य रुंदीची स्पेस, यू+२००बी, नावात स्पेस असली तरी पायथन तिला मोकळी जागा मानत नाही. स्प्लिट आणि स्ट्रिप दोघांनाही ती दिसत नाही. तसंच फाइलच्या अगदी सुरुवातीला बसणारं यू+एफईएफएफ. एक्सेलने यूटीएफ-८ सीएसव्ही सेव्ह केली की ते येतं आणि पहिल्या कॉलमच्या नावाला चिकटतं. मग ‘नाव’ हा कॉलम समोर दिसत असतो आणि प्रोग्राम म्हणतो असा कॉलमच नाही. त्याला काढत बसू नकोस, फाइल उघडतानाच एन्कोडिंग यूटीएफ-८-सिग दे. मोबाइलच्या कॉन्टॅक्टमधून चिकटवलेल्या नंबरांच्या दोन्ही टोकांना यू+२०२ए आणि यू+२०२सी अशी दिशा दाखवणारी अदृश्य चिन्हं येतात. या सगळ्यांसाठी ट्रान्सलेट उत्तम. एक डिक्शनरी कर, कॅरेक्टरचा कोड आणि त्यापुढे नन. एका फेरीत सगळी जातात, रिप्लेसची माळ लावावी लागत नाही.

इथे कुणीतरी तुला शहाणपणा शिकवेल की ही सगळी ‘सीएफ’ वर्गातली आहेत, तो वर्गच उडव. नको. त्याच वर्गात यू+२००डी बसतो, शून्य रुंदीचा जोडणारा, आणि त्याच्यावर मराठीचा संसार आहे. ‘कऱ्हाडे’मधला र बघ, डोळ्याच्या पापणीसारखा आडवा. तो दोन तऱ्हांनी लिहिलेला असतो. एक, खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त. दोन, साधा र, हलन्त आणि त्यामागे हा अदृश्य जोडणारा. काही कीबोर्ड पहिली रीत वापरतात, काही दुसरी. स्क्रीनवर फरक शून्य. दुसऱ्या रीतीतला जोडणारा काढलास की रफार होतो: कऱ्हाडेंचे ‘कर्हाडे’. आडनावापर्यंत ठीक, माणूस ओळखू येतो. पण ‘आचाऱ्यांना पाच हजार’ अशी हिशेबातली ओळ ‘आचार्यांना पाच हजार’ झाली, की लग्नातला स्वयंपाकी गुरुजी होऊन बसतो. दऱ्यांचा दर्या होतो तो वेगळाच.

म्हणून मी क्रम असा ठेवतो. आधी एनएफसी नॉर्मलायझेशन. त्याने र अधिक नुक्ता असा सुटा लिहिलेला असेल तर एकच ऱ होतो. मग र, हलन्त, यू+२००डी ही तिकडी शोधून तिच्या जागी ऱ आणि हलन्त. एवढं झालं की पापणीचा र एकाच रूपात आला. आता उरलेले जोडणारे फक्त जोडाक्षर कसं दिसावं एवढंच ठरवतात, अर्थ बदलत नाहीत. नावं जुळवायला जो वेगळा कॉलम करशील त्यातून ते काढ, छापायच्या कॉलममध्ये राहू दे. एनएफसीच्या भरवशावर मात्र सगळं सोडू नकोस. ‘ॲ’ हे एक कॅरेक्टर आणि ‘अ’वर चंद्र अशी जोडी, दोन्ही सारखी दिसतात, पण एनएफसी त्यांना एक करत नाही. ‘ॲडव्होकेट’ यादीत दोनदा सापडले तर आश्चर्य नको. तोही बदल हातानेच.

एनएफसीऐवजी एनएफकेसी का नाही? तो जास्त जोरकस आहे, यू+००ए० ची साधी स्पेससुद्धा करतो. पण तुझ्या मालाच्या वर्णनात ‘५½ मीटर’ असं काही असेल तर ½ चे तो १, तिरपी रेघ, २ असे तुकडे करतो. पुढे आकडे सोडून बाकी काढलंस की साडेपाचाचे ५१२ मीटर. टॉवेलच्या कारखान्यात एवढं कापड एका बिलात चालेल, पण साडीवाल्याला चालणार नाही.

आता मूळ झाडलोट. काय काढायचं याची यादी न करता काय ठेवायचं याची कर. पायथनच्या स्ट्रिंग मॉड्यूलमधलं पंक्च्युएशन बरेच जण वापरतात. त्यात ३२ चिन्हं आहेत, पण सगळी इंग्रजी कीबोर्डवरची. दंड त्यात नाही, वळणदार अवतरणं नाहीत, रुपयाचं चिन्ह नाही. साध्या आरईमध्ये ठेवायची यादी अशी: ०९०० ते ०९७एफ हा देवनागरीचा अख्खा पट्टा, इंग्रजी अक्षरं-आकडे, स्पेस, आणि छापायच्या कॉलमसाठी यू+२००डी. पट्टा सलग दिल्यामुळे मात्रा, अनुस्वार, हलन्त आपोआप आत येतात. दंड आणि ओमही येतात, तेवढं चालतं.

पण आपण सोलापुरात आहोत. तुझ्या यादीत एखादं नाव तेलुगू लिपीत, एखादं दुकान कन्नडमध्ये, एखादं उर्दूत असण्याची शक्यता पुण्याच्या यादीपेक्षा कितीतरी जास्त. देवनागरीचा पट्टा ठेवून बाकी काढलंस की ते ग्राहक रिकाम्या नावाचे होतील. म्हणून मी आरईऐवजी रेजेक्स नावाचं वेगळं पॅकेज वापरतो, पिपने घालावं लागतं. त्यात बॅकस्लॅश पी लिहून महिरपी कंसात वर्ग सांगता येतो. एल म्हणजे कोणत्याही लिपीचं अक्षर, एम म्हणजे कोणत्याही लिपीची मात्रा-चिन्हं, एनडी म्हणजे आकडे. हे तीन, स्पेस आणि छापायच्या कॉलमसाठी यू+२००डी ठेव, बाकीच्यांच्या जागी स्पेस टाक, मग वरची जॉइन-स्प्लिटची ओळ चालव. रिकामं न टाकता स्पेस टाकायचं कारण: ‘होटगी रोड,सोलापूर’मधला स्वल्पविराम नुसता काढलास तर ‘होटगी रोडसोलापूर’ होतं.

पत्त्यात तिरपी रेघ आणि जोडरेघ ठेवावी लागते, नाहीतर घर नंबर ‘१२/३’ हे ‘१२ ३’ होतं आणि रिकामं टाकलं असशील तर ‘१२३’. नावाला आणि पत्त्याला एकच नियम लावायचा आळस करू नकोस.

विसर्गाचं एक त्रांगडं आहे. कित्येक टायपिस्ट विसर्गाच्या जागी कोलन मारतात, दिसायला सारखंच. कोलन काढलास की ‘दु:ख’चं ‘दुख’ होतं. दोन देवनागरी कॅरेक्टरांच्या मधला, स्पेस नसलेला कोलन आधी विसर्गात बदलावा, हा माझा नियम. पण ‘मु:पो:’ असं लिहिणारे पत्त्यात भेटतात आणि तिथे हा नियम फसतो. मी ‘मु. पो.’चे सगळे अवतार आधी वेगळे उचलतो. याला सुंदर उपाय मला आजवर सापडलेला नाही.

रकमा आणि नंबर. ‘रु. १,२५०.५०/-’ यातून आकडे आणि टिंब ठेवून बाकी काढलंस तर ‘रु.’चं टिंबही राहतं. मिळतं ‘.१२५०.५०’, आणि फ्लोट तिथेच आपटतो. टिंबही काढलंस तर १२५०५०, म्हणजे शंभरपट उधारी, आणि हे आपटत नाही, मुकाट्याने खात्यात बसतं. आधी सुरुवातीचं ‘रु.’ आणि शेवटचं ‘/-’ काढ, मग स्वल्पविराम, आणि उरलेलं डेसिमलला दे. मोबाइल नंबरचं वेगळंच दुखणं. पांडाज, म्हणजे तक्ते वाचायचं पायथनचं पॅकेज, कॉलम आकड्यांचा समजून वाचतं, मधे एखादी रिकामी ओळ असली की सगळे नंबर दशांश होतात आणि शेवटी टिंब-शून्य लागतं. आकडे सोडून बाकी काढलंस की दहा आकडी नंबर अकरा आकडी. वाचतानाच तो कॉलम स्ट्रिंग म्हणून वाच. ०२१७ ने सुरू होणाऱ्या लँडलाइनचं पहिलं शून्यही त्यानेच वाचतं.

देवनागरी आकड्यांना घाबरू नकोस. इंटला देवनागरीत लिहिलेला ४१३००१ दिलास तर तो गुपचूप पूर्णांक देतो. पण स्ट्रिंग म्हणून देवनागरी पिन आणि इंग्रजी पिन वेगळेच, त्यामुळे जुळवणी करण्याआधी मेकट्रान्सने दहाही आकडे एका लिपीत आण. आकडा आहे का हे तपासायला इझडिजिट नको, इझडेसिमल वापर. वर चढलेल्या छोट्या दोनलाही इझडिजिट हो म्हणतो आणि इंट नंतर तोंडघशी पाडतो.

आता तुझे रिकामे चौकोन. ते काढण्याआधी दोन शक्यता तपास, कारण काही वेळा घाण दिसते तो प्रत्यक्षात मजकूरच असतो. डोक्यावर तिरपी रेघ असलेला इंग्रजी ए आणि लगेच मागे येनचं किंवा एखादं अनोळखी चलनाचं चिन्ह, अशी जोडी पुन्हा पुन्हा दिसली, तर ती यूटीएफ-८ मराठी आहे, कुणीतरी चुकीच्या एन्कोडिंगने उघडलेली. देवनागरीचं प्रत्येक कॅरेक्टर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं आणि पहिला बाइट नेहमी तोच असतो, म्हणून तो ए दर तिसऱ्या जागी येतो. ती लॅटिन-१ म्हणून उघडलेली असेल, तर स्ट्रिंग लॅटिन-१ मध्ये एन्कोड करून यूटीएफ-८ मध्ये डीकोड केली की नाव जसंच्या तसं परत मिळतं. दुसरी शक्यता जुन्या फॉन्टची. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेलं युनिकोड नसतं. आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, फॉन्ट त्यांना मराठीचा मुखवटा चढवतो. तिथे कंस, टिंब, चौकोन हीच मात्रा-वेलांट्यांची जागा. झाडू मारलास तर परत आणता येणार नाही, आधी कन्व्हर्टरमधून काढ.

आणि काहीही झालं तरी मूळ कॉलमला हात लावू नकोस. शेजारी नवा कॉलम कर, जिथे जुनं आणि नवं वेगळं झालं तेवढ्या जोड्या काढ, पुनरावृत्ती गाळ, आणि नव्या नावाच्या लांबीने चढत्या क्रमाने लाव. ‘द’, ‘वी’, ‘रभ’ असले नमुने सगळ्यात वर येतात. त्याबरोबर मात्रेने सुरू होणारी नावं वेगळी छाप. पहिल्या कॅरेक्टरचा वर्ग एमने सुरू होत असेल तर काहीतरी नक्की कुरतडलं गेलंय.

तुझे चौकोन यातले नेमके कोणते ते हजेरी बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. मला पन्नासेक ओळी पाठव, नंबर आणि रकमा खोडून. पण जुन्या सिस्टिममधून निघालेली सीएसव्ही जशी आहे तशीच पाठव. एक्सेलमध्ये उघडून, डोळ्यांखालून घालून, परत सेव्ह केलेली नको. आणि स्क्रीनशॉट तर अजिबात नको, त्यात यू+२००बी दिसत नाही.